तंत्रलेखकाची ओळख एका पानात

सोलापुरात बसून पुण्या-बंगळुरूचं तंत्रलेखनाचं फ्रीलान्स काम मिळवायचं आहे ना? मग आधी आपली कामाची पार्श्वभूमी एका पानात नीट मांडू. कागद-पेन घ्या, बसा.

१. आजवर हाताळलेली सगळी यंत्रं आणि सॉफ्टवेअर कागदावर उतरवा. संगणक एवढ्यात उघडू नका, नाहीतर फॉन्ट निवडण्यातच दुपार जाईल.

२. त्यातल्या ज्या तीन गोष्टी नवख्याला उभ्या उभ्या शिकवू शकाल, त्यांना गोल करा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर सुपरवायझर होतात? पहिला गोल तिथेच! 'त्याचा लिखाणाशी काय संबंध' म्हणून ही नोकरी गाळू नका. व्याकरण सुधारणारे पुष्कळ मिळतात. धोटा, कांडी, बीम हाताखालून गेलेला लेखक मात्र शोधावा लागतो.

३. आता वरची ओळ लिहा: 'यंत्रमागांच्या वापर आणि देखभालीच्या पुस्तिका मी मराठी व इंग्रजीत लिहिते.' 'मेहनती', 'अष्टपैलू' असले शब्द आले तर लगेच खोडा.

४. तिच्याखाली अनुभव लिहा, अलीकडचा सर्वांत वर. मध्ये खंड पडला असेल तर वर्षं ओढूनताणून जुळवू नका.

५. शिक्षण एका ओळीत आटपा. वालचंद कॉलेजची पदवी असो वा आयटीआय, ओळ एकच.

६. येणारी साधनं लिहा. मॅडकॅप फ्लेअर हे पुस्तिका लिहिण्याचं सॉफ्टवेअर नुसतं उघडून पाहिलं असेल, तर ते या यादीत नको.

७. एक ताजा नमुना लिहा. जुन्या ग्राहकाची पुस्तिका जोडू नका. गोपनीयतेचा करार मोडेल. कांडी बदलण्याची कृती घ्या: माग थांबवा, धोटा काढा, रिकामी कांडी काढून भरलेली बसवा, सुताचं टोक धोट्याच्या भोकातून हुकाने ओढा. 'तोंडाने ओढू नका' ही सूचना ओढण्याच्या पायरीआधी हवी. नंतर लिहिलीत तर वाचेपर्यंत धोटा ओठाला लागलेला असेल.

८. तो नमुना माग न चालवलेल्या माणसाला द्या आणि बंद मागावर करून बघायला सांगा. शेजारी मागाची दुरुस्ती करणारा जॉबर उभा असू द्या. तुम्ही मात्र एक शब्द बोलायचा नाही. फार अवघड जातं हे! पण तो जिथे थबकेल, तिथे तुमचं वाक्य चुकलंय.

९. थबकलेल्या जागा दुरुस्त करा. माणसाला दोष देऊ नका.

१०. पानाच्या तळाशी फोन आणि ईमेल टाका. जन्मतारीख, आधार क्रमांक अजिबात नको.

११. पीडीएफ करा.

१२. ती दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून बघा. जोडाक्षरं तुटलेली दिसली तर फॉन्ट पीडीएफमध्ये बसलेला नाही. तो बसवून फाइल पुन्हा काढा आणि मगच पाठवा.