घर घेणारा आणि दलाल

'दलाल' हा शब्द उच्चारताना आपला आवाज थोडा बदलतो. वस्तुतः हा अरबी शब्द 'वाट दाखवणे' या अर्थाच्या धातूपासून आलेला असून 'दलील' हा शब्दही त्याच कुळातला आहे. म्हणजे दलाल हा मुळात वाटाड्या. अकोल्याच्या कापूसबाजाराजवळ वाढलेल्या मला अडते आणि दलाल लहानपणापासून परिचित. पण कापसाचा सौदा बिघडला तर पुढच्या हंगामाची आशा असते. घराचा सौदा आमच्यासारख्या घरात एकदाच होतो. म्हणून हा विषय मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी या नात्याने आणि त्याहून अधिक एका कंडक्टरची मुलगी या नात्याने मांडत आहे.

2012 साली माझ्या वडिलांनी अकोल्याबाहेर एक प्लॉट घेण्याचे ठरवले. दलालाने त्यांना मोटारसायकलवर बसवून शेतात रोवलेले चार दगड दाखवले आणि त्याच संध्याकाळी शंभराच्या मुद्रांकावर इसारचिठ्ठी झाली. पन्नास हजार रुपये गेले. पुढे कळले की जमीन अकृषिक नव्हती, लेआउट मंजूर नव्हता आणि सातबाराच्या 'इतर हक्क' या रकान्यात सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा होता. मालमत्ता हस्तांतरणाचा 1882 चा कायदा स्पष्टच सांगतो की विक्रीच्या नुसत्या कराराने मालमत्तेत हक्क निर्माण होत नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखत लागते. हे वडिलांना ठाऊक नव्हते. दलालाला ठाऊक होते.

तेव्हा पहिला प्रश्न असा, की दलालाने सुरुवात कोठून करावी? माझे मत असे की जागेपासून मुळीच नव्हे. आधी गिऱ्हाइकाला बसवून हिशेब मांडावा. समजा घर तीस लाखांचे आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तीस लाखांपर्यंतच्या कर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के रक्कम देऊ शकते, म्हणजे सत्तावीस लाख. उरलेले तीन लाख, मुद्रांक शुल्क, 30,000 रुपये नोंदणी फी आणि दलाली हे सर्व घरातूनच काढावे लागते. पुष्कळांचे सौदे मोडतात ते याच जागी, आणि इसार बुडतो तो वेगळाच. निवासी घर केवळ महिलेच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत 2021 पासून आहे. तीस लाखांवर ती तीस हजार होते, म्हणजे नोंदणी फी निघून येते. इतकी साधी गोष्टही किती दलाल सांगतात?

त्यानंतर कागद. सातबारा, फेरफार, नगर भूमापनाची आखीव पत्रिका, अकृषिक आदेश, मंजूर नकाशा हे सर्व वकिलाकडून तपासून घ्यावे. दलालाने वकील होऊ नये, वकिलाचे दार दाखवावे. आपल्या भागात आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. एक, जागा नझूलची आहे काय? नझूल म्हणजे शहरातील सरकारी, पट्ट्याने दिलेली जमीन. तिथे पट्ट्याची मुदत आणि अटी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. दुसरी, गुंठेवारी. तिचा कायदा 2001 चा. 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या प्रकरणांना नियमित होण्याची वाट मिळाली. पण 'नियमित होईल' आणि 'नियमित झाले आहे' यांत जे अंतर आहे, त्यातच आमचे पन्नास हजार पडले.

कायद्याने आता दलालावरही जबाबदारी टाकली आहे. 2016 च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणे नोंदणीस पात्र प्रकल्पातील घर वा प्लॉट विकून देणाऱ्या दलालाने स्वतः महारेराकडे नोंदणी केली पाहिजे, नोंदणी नसलेल्या प्रकल्पात सौदा करू नये आणि खोटे सांगू नये. 2023 पासून त्यांना परीक्षाही आहे. बिल्डरलाही नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. मात्र 500 चौरस मीटरपर्यंतच्या किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला ही नोंदणी लागत नाही, आणि आपल्या गावांत अशा लहान इमारती पुष्कळ. जुने घर विकत घेणाऱ्यालाही हा आधार फारसा मिळत नाही. तिथे दलालाचा प्रामाणिकपणा हाच कायदा. दलालीचा दर तर कायद्याने ठरवलेलाच नाही; तो, आणि दलाल दोन्ही बाजूंकडून घेणार की एकीकडून, हे पहिल्याच भेटीत विचारावे. विचारण्यात संकोच कसला?

दोन वर्षांपूर्वी आम्ही पुन्हा शोध सुरू केला, या वेळी अमरावतीत. पानठेल्याशेजारच्या लहानशा खोलीत बसणारे एक वयस्कर काका भेटले. आईने विचारले, "जागा केव्हा दाखवता?" ते म्हणाले, "बाई, पयले पानी पाहा, माती पाहा, मंग जागा पाहा." त्यांचे म्हणणे मला नंतर उमगले. वऱ्हाडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया तिला जाणून घातला नाही तर भिंती तडकतात. पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथे बोअरला पाणी लागले तरी ते पिण्याजोगे असेलच असे नाही. म्हणून अमरावतीत ऊर्ध्व वर्धेचे आणि अकोल्यात काटेपूर्णेचे नळाचे पाणी त्या गल्लीपर्यंत आले आहे काय, हे शेजाऱ्यांना विचारून घ्यावे लागते. जाहिरातीत हे कोठेच नसते.

मार्चमध्ये काकांनी एक प्लॉट दाखवला. कागद निर्दोष, भाव परवडणारा, आईला तर तो फारच आवडला. वडील इसाराचे पैसे खिशात घेऊनच आले होते. काकांनी ते घेतले नाहीत. "आषाढात एक डाव येऊन पाहा," एवढेच म्हणाले. जुलैत आम्ही गेलो तेव्हा प्लॉटवर घोट्याच्या वर पाणी होते आणि नालीचे पाणी उलटे येत होते. आम्ही तो सोडला. काकांची दलाली बुडाली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला, की उंचावर एक जुने दोन खोल्यांचे घर आहे, कागद वकिलाकडे देऊन ठेवले आहेत, वेळ असेल तेव्हा या.