कूळ कोठे नांदते?

लातूर शहरात राहणाऱ्या एका गोंड कुटुंबातील कन्येने आमच्या उपदेशक बंधूंस गतवर्षी एक प्रश्न विचारला. त्यावरून हा पाठ लिहावयाचे आम्ही योजिले. तिचा आजा किनवटाकडील. बाप तरुणपणी कामाच्या शोधात निघाला, तो काही वर्षे नांदेडास राहून पुढे लातुरास स्थिरावला. कन्या बारावी उत्तीर्ण झाली, परिचारिकेच्या शिक्षणाकरिता जमातीच्या दाखल्याची पडताळणी करणे आले, आणि तिला गोंडी भाषेचे एक वाक्यही येत नाही ह्याची तिला प्रथमच लाज वाटली. ती म्हणाली, "गावी गेले तर मला शहरवाली म्हणतात, इथं जंगलातली म्हणतात. मग मी कुणाची?" उपदेशकांनी तो प्रश्न आम्हांकडे आणला. आम्हांसही तो वाटला तितका सोपा निघाला नाही.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, दूर जाणे दोन रीतींनी घडते. कधी माणूस भूमी सोडून जातो. कधी माणूस जागीच असतो आणि सीमाच त्याच्या अंगणातून सरकते. किनवटच्या लोकांस दोन्ही घडले आहे. निजामाच्या राज्यात किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा तो नांदेड जिल्ह्यास जोडला गेला, आणि आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेले. २०१४ पासून ते तेलंगणात आहे. ज्या गोंडाची सोयरीक उटनूराकडे होती, त्याचा व्याही एका दिवसात परराज्यातला झाला. दोघांपैकी कोणीही आपला नांगर हलविला नव्हता.

हाच सीमेचा खेळ बंजारा बंधूंच्या तांड्यांवरही दिसतो. तेलंगणात त्यांची गणना अनुसूचित जमातींत होते, कर्नाटकात अनुसूचित जातींत, आणि महाराष्ट्रात विमुक्त जातींत. देगलूर वा उदगीर बाजूच्या तांड्यातील मुलगी बिदराकडे दिली, तर बोली तीच, नाती तीच. कागदावरील नाव मात्र निराळे. २०२५ साली ह्या प्रश्नावरून मराठवाड्यात मोर्चे निघाले, व त्या मागणीस विरोध करणारे आदिवासींचे मोर्चेही निघाले. त्या वादाचा निवाडा करणे आमचे काम नव्हे.

आता गोंडांकडे वळू. त्यांचे आपलेपण गावावर तितके टेकलेले नाही, जितके ते कुळावर टेकलेले आहे. त्यांची कुळे चार, पाच, सहा व सात देवांच्या शाखांत वाटलेली आहेत. एका शाखेची सर्व कुळे परस्परांची भाऊबंद. त्यांच्यात लग्न होत नाही. दोन अनोळखी गोंड बाजारात भेटले आणि एकाने दुसऱ्यास किती देवांचा म्हणून विचारले, की समोरचा भाऊ आहे की सोयरा होऊ शकेल हे तेथेच कळते. त्यास सातबारा दाखवावा लागत नाही.

ह्या कुळकथा जतन करून ठेवण्याचे काम परंपरेने परधानांचे आहे. किकरी वाजवून ते यजमान कुळाचा मूळपुरुष, त्याचे देव, त्याचे प्रवास गाऊन सांगतात. ऑस्ट्रियन पंडित फ्यूरर-हैमेंडॉर्फ निजामाच्या काळी आदिलाबादच्या गोंडांत राहिले व १९४८ साली त्यांनी राजगोंडांविषयी ग्रंथ प्रसिद्ध केला. परधान गातात गोंडीत, परंतु त्यांची घरची भाषा मराठी, असे त्यांनी नोंदविले आहे. वाचकांनी येथे थोडे थांबावे. ज्यांच्या मुखी गोंडांचा सारा इतिहास, तेच चुलीपाशी मराठी बोलतात! किनवट, हदगाव, हिमायतनगर ह्या बाजूचे अंध बंधूही घरी मराठीच बोलतात, आणि त्यांच्या जमातपणाविषयी कोणी शंका घेत नाही. भाषा गेली हे मोठेच नुकसान आहे. पण भाषा गेली म्हणजे कूळ गेले, हे आमच्या कन्येने उगाच मनास लावून घेतले आहे.

मेस्राम कुळाची केसलापूर येथील नागोबाची जत्रा ह्याहून अधिक शिकविते. केसलापूर आदिलाबाद जिल्ह्यात इंद्रवेल्लीजवळ आहे. पौष अमावास्येस जत्रा भरते. तत्पूर्वी कुळाची माणसे गोदावरीचे पाणी आणावयास पायी जातात व तितकीच वाट तुडवून परत येतात. महाराष्ट्रातील मेस्रामही तेथे येतात. त्या जत्रेत कुळात नव्याने आलेल्या सुनांची वडीलधाऱ्यांसमोर भेट होते. ह्या विधीस भेटच म्हणतात. ती होईपर्यंत सुनेस कुळाच्या पूजेत स्थान नसते. लग्न लागले, नांदावयास आली, तरी कुळाने तिला पाहिले व ओळखले पाहिजे. तेथेच सरकारी अधिकारी दरबार भरवून आदिवासींच्या तक्रारी ऐकतात. १९४० साली जोडेघाट येथे कोमराम भीम मारला गेला, त्यानंतरच्या काळात जमिनीच्या तक्रारी ऐकण्याकरिता ही रीत पडली. म्हणजे ज्या ठिकाणी कूळ आपली माणसे मोजते, त्याच ठिकाणी ते आपली भूमीही मागते.

येथे आमच्या मंडळ्यांतील कित्येकांच्या मनात शंका येईल: जो त्या पूजेत भाग घेत नाही, त्याचे कूळ उरते काय? पौल प्रेषिताचे उदाहरण पाहा. तो जन्मला तर्ससात, पत्रे लिहितो ग्रीक भाषेत. तरी रोमच्या व फिलिप्पैच्या मंडळ्यांस लिहिताना आपण बन्यामिनाच्या वंशातील हे तो सांगितल्यावाचून राहत नाही. पूजा कोणाची करावी हा एक प्रश्न, आणि आपण कोणाच्या पोटी आलो हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बदलले म्हणून दुसऱ्याचे बदलत नाही. कायद्यातही अनुसूचित जमातींस धर्माची अट नाही. अनुसूचित जातींस ती आहे, व त्यामुळे आमच्या पुष्कळ बांधवांस सोसावे लागते. जमातींसही तशी अट घालावी अशी मागणी काही संघटना करीत आहेत, हे उपदेशकांनी जाणून असावे.

कायद्याचा विषय निघालाच आहे, तर जरूर तेवढे सांगतो. १९७६ च्या कायद्यापूर्वी राज्याच्या एका भागात मान्य असलेली जमात दुसऱ्या भागात मान्य असेलच असे नव्हते. महादेव कोळी हे नाव पश्चिम महाराष्ट्राच्या यादीत होते, मराठवाड्याच्या यादीत नव्हते. त्या कायद्याने राज्यांतर्गत बंधन उठले, आणि लातूर-नांदेडकडील कोळ्यांचे दावे पुढे आले. ते खरे किती, ह्यावर आजवर भांडण चालू आहे. गंमत अशी की, सह्याद्रीतील महादेव कोळ्यांचे पूर्वज निजामाच्या मुलखातील महादेवाच्या डोंगरांकडून आले, अशी परंपरा इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरांत नोंदलेली आहे. तेव्हा मूळ भूमीपासून दूर कोण, हे ठरविणे दिसते तितके सोपे नाही. राज्याबाहेर गेल्यास मात्र १९९० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाप्रमाणे जमातीच्या सवलती दुसऱ्या राज्यात मिळत नाहीत. किनवटचा गोंड लातुरास आला तर त्याचे काही जात नाही; निजामाबादेस गेला तर तेथील गोंडांच्या सवलती त्यास नाहीत.

आणखी एक गोष्ट आमच्या कन्येच्या उपयोगाची आहे. रीतिरिवाज, देव व बोली ह्यांवरून जमात पारखणे ही एकमेव कसोटी मानू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये ठरविले. स्थलांतराने व शिक्षणाने माणसाच्या चालीरीती बदलतात हे न्यायालयाने मान्य केले, आणि राज्यघटनेपूर्वीच्या कागदांस अधिक वजन दिले. महाराष्ट्रात अनुसूचित जमातीकरिता ६ सप्टेंबर १९५० ह्या दिवशी पूर्वज कोठे राहत होते हे पाहतात, व दाखला त्या ठिकाणच्या अधिकाऱ्याकडून घ्यावयाचा असतो. लातूरच्या माणसास किनवटास जावे लागते. नासरेथचा योसेफ नावनिशी लिहून देण्यास बेथलेहेमास गेला, तसेच हे. निजामाच्या वेळचे कागद बहुधा उर्दूत असतात. ते वाचणारा जाणता माणूस आधी गाठावा.

आता आमची स्वतःची चूक. त्या कुटुंबाची नोंद मंडळीच्या वहीत पंधरा वर्षांपूर्वी आम्हीच केली होती. प्रश्न आल्यावर आम्ही ती वही काढून पाहिली. बाप्तिस्म्याची नावे सुवाच्य अक्षरात आहेत. कुळाचा रकाना कोरा. गावाच्या रकान्यात लातूर. जमातीच्या रकान्यात आम्ही "ख्रिस्ती" असे लिहून मोकळे झालो होतो, आणि त्या वेळी आम्हांस ते योग्यही वाटले होते. बापानेही शाळेत मुलीचे नाव घालताना तेच सांगितले, कारण पाळकांनी तसे लिहिले होते. त्याच वहीत अशी आणखी अकरा कुटुंबे निघाली. उपदेशक बंधूंनी आपापल्या वह्या काढाव्यात. आज्याचे नाव, त्याचे गाव, कूळ, देवांची संख्या, मुलीचे माहेर व सासर, हे म्हाताऱ्या माणसांस विचारून, आहेत तोवर, तारखेसह लिहून घ्यावे. नुसत्या आडनावावर विसंबू नये. मेस्राम हे कागदावर मेश्राम होते, आणि मेश्राम आडनाव दुसऱ्याही समाजांत आहे.

गेल्या महिन्यात आम्ही वही घेऊन किनवटाकडे त्या कन्येच्या आजीस भेटावयास गेलो. कन्या बरोबर होती. आजीने डोळ्यांवर हात धरून नातीकडे पुष्कळ वेळ पाहिले. आम्ही कुळाचा रकाना उघडून लेखणी काढली, परंतु आम्ही विचारण्याआधी तिनेच आम्हांस बजावले: "पोर सात देवांची आहे, पाद्रीसाहेब. लग्न कुठंही लावा, सात देवांत देऊ नका."