आनुवंशिकशास्त्राला गणिताची जोड

दरवर्षीं दहावीचा निकाल लागला, म्हणजे तुमचे पालक येऊन विचारतात, "सर, मुलीनें गणित घ्यावें कीं जीवशास्त्र?" कांहीं वर्षांपूर्वीं एका हुशार मुलीला मींच सांगितलें होतें, "तुला वनस्पतींची आवड आहे. मग गणिताचें ओझें कशाला?" पुढें तिला जनुकांच्या संशोधनाची ओढ लागली. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेंत प्रवेश मिळवितांना तिला गणित व संख्याशास्त्र पहिल्या पायरीपासून शिकावें लागलें. त्यांत तिचीं दोन वर्षें गेलीं. दोष तिचा नव्हता.

अशा प्रयोगशाळेंत काचपात्रांपेक्षां संगणकच अधिक दिसतात. आपल्या ज्वारीचेंच उदाहरण घ्या. तिच्या आनुवंशिक द्रव्याचा पाठ २००९ सालीं प्रसिद्ध झाला. चारच अक्षरांत लिहिलेला तो मजकूर सुमारें ७३ कोटी अक्षरांचा आहे! त्यांतील कोणत्या भागामुळें ताट अवर्षणांत तग धरतें, हें नुसतें वाचून कळत नाहीं. मोजावें लागतें, आणि मोजणींतून योगायोग वगळावा लागतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठानें काढलेली 'फुले वसुधा' ही रब्बी ज्वारी आपल्यांपैकीं पुष्कळांच्या शेतांत असेल. नवे वाण काढणाऱ्यांना जनुकांचा नकाशा हाताशीं असला, तर निवड लवकर साधते.

हा नकाशा कसा काढतात? गुणसूत्रावर जनुकें माळेंतील मण्यांप्रमाणें ओळीनें असतात. पुढील पिढीकडे जातांना जोडींतील दोन माळा आपसांत तुकडे बदलतात. जवळचे मणी बहुधा एकत्र राहतात, दूरचे अनेकदां वेगळे होतात. समजा, १०० संततींपैकीं २० मध्यें दोन मणी वेगळे झालेले आढळले. मग अंतर २० म्हणावें काय? नव्हे. मधल्या भागांत दोनदां अदलाबदल झाली, तर ते मणी पुन्हां एकत्र येतात, आणि आपल्या मोजणीला त्याचा पत्ताच लागत नाहीं. प्रत्येक अदलाबदल स्वतंत्र असते असें धरून हॉल्डेन यांनीं १९१९ सालीं सूत्र दिलें. त्यानें हें अंतर २५.५ येतें. परंतु एक अदलाबदल झाली, कीं तिच्या शेजारीं दुसरी सहसा होत नाहीं. ही गोष्ट हिशेबांत घेणारें सूत्र १९४४ सालीं निघालें, तें गोव्यांत जन्मलेले व पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकविणारे दामोदर धर्मानंद कोसंबी यांचें. त्यानें अंतर २१.२ भरतें. तें सूत्र समजण्यास अकरावींतील लॉगॅरिदम पुरतो. इतिहासकार म्हणूनच कोसंबींना ओळखणाऱ्यांस हें ठाऊक नसतें. पण नकाशे काढणाऱ्या आजच्या संगणकप्रणालींत त्यांचें नांव जसेंच्या तसें आढळतें.

पुणें विद्यापीठांत या कामासाठीं १९८७ पासून जैवमाहितीशास्त्राचें केंद्र आहे. अशा ठिकाणीं नव्या विद्यार्थ्याला एकदम मोठा शोध हातीं लागत नाहीं. पहिले महिने आंकडे साफ करण्यांत आणि कालचें उत्तर आजच्या उत्तराशीं कां जुळत नाहीं, हें शोधण्यांत जातात. ज्याला याचा कंटाळा येतो, त्यानें आधींच विचार करावा.

यंदा त्या मुलीच्या धाकट्या चुलतभावाला मीं गणित व जीवशास्त्र दोन्ही ठेवावयास सांगितलें आहे. वेळापत्रक फार जड झालें, अशी त्याची तक्रार आहे.