क्लास निवडताना आधी कचऱ्याचा डबा बघा

‘नेटवर्किंगचा कोर्स करायचाय’ असं मुलाने म्हटलं की घरात दोन प्रश्न निघतात. आई विचारते, ‘म्हणजे केबलवाला होणार का?’ वडील जरा वेळाने विचारतात, ‘शॉकबिक तर लागत नाही ना?’ पहिल्या प्रश्नावर पोरं तावातावाने भांडतात, दुसरा हसण्यावारी नेतात. माझ्या मते वडिलांचा प्रश्न मोलाचा. त्याचं नीट उत्तर ज्याला देता येतं, त्याला चांगलं काम मिळतं आणि आईचीही काळजी मिटते.

तर शॉक. लॅनच्या केबलमधून कॅमेऱ्याला जी वीज जाते, ती साधारण 48 व्होल्टची, तिची फारशी भीती नाही. खरा धोका शेजारी असतो. आपल्याकडे इंटरनेटची केबल सर्रास विजेच्या खांबांवरून नेतात. केबलला आधार देणारी लोखंडी तार विजेच्या तारेला टेकली, की तीच जिवावर उठते. म्हणून विजेजवळ अॅल्युमिनियमची शिडी न्यायची नाही, फायबरग्लासची घ्यायची. खांब ओला असेल, आभाळ गडगडत असेल, तर ग्राहक कितीही ओरडला तरी वर चढायचं नाही. घरात ड्रिल मारताना स्विचबोर्डच्या सरळ रेषेत वर किंवा खाली भोक पाडायचं नाही, कारण आतलं वायरिंग बहुधा तिथूनच गेलेलं असतं.

आता फायबर. इथे पालकांना वाटतं की काच आहे, वीज नाही, मग कसली भीती? सिंगल मोड फायबरचा आतला गाभा असतो 9 मायक्रॉनचा, बाहेरची काच 125 मायक्रॉनची. जोड द्यायचा तर वरचं आवरण सोलायचं, काच अल्कोहोलने पुसायची आणि क्लीव्हरने टोक सरळ तोडायचं. तोडलेला तुकडा जेमतेम काही मिलिमीटरचा आणि पारदर्शक. फरशीवर पडला तर दिसत नाही. बाहीला चिकटतो, बोटात शिरतो, तिथेच डबा उघडलात तर पोळीबरोबर पोटातही जातो. म्हणून जाणता तंत्रज्ञ काळी चटई अंथरतो, डोळ्यांवर चष्मा लावतो, तुकडे झाकणाच्या डबीत टाकतो आणि हात धुतल्याशिवाय चहाला हात लावत नाही. स्प्लायसिंग मशीनच्या ठिणगीजवळ अल्कोहोलची उघडी बाटली ठेवायची नाही, हेही त्यातच आलं.

दुसरी खोड डोळ्यांची. ‘लाइट येतेय का बघ’ असं म्हणत कनेक्टर डोळ्यासमोर धरणारे मी पाहिलेत. घरोघरच्या फायबरमध्ये 1310 आणि 1490 नॅनोमीटरचा प्रकाश असतो. तो डोळ्याला दिसतच नाही, त्यामुळे पापणीही मिटत नाही. घरच्या जोडणीत त्याची ताकद कमी असते. मोठ्या लाइनवर मात्र दृष्टी जाऊ शकते, आणि हाताला लागलेली सवय जागा बघून बदलत नाही. प्रकाश तपासायला पॉवर मीटर असतो.

केबललाही जपावं लागतं. तांब्याच्या चार जोड्यांची केबल 110 न्यूटनपेक्षा, म्हणजे सुमारे 11 किलोच्या ताणापेक्षा जास्त ओढायची नाही. व्यासाच्या चौपटीपेक्षा तीव्र वळण द्यायचं नाही. आडदांडपणे ओढलेली केबल चालते, पण आठवड्याने नेट तुटायला लागतं आणि दोष बिचाऱ्या राउटरवर जातो. रॅक भरताना यूपीएससारखं जड सामान तळाला ठेवायचं, तेही दोघांनी मिळून उचलायचं. ऐरोली, महापेच्या डेटा सेंटरमध्ये असे नियम न पाळणारा माणूस फार दिवस टिकत नाही.

आयटीआयमध्ये कॉम्प्युटर हार्डवेअर आणि नेटवर्क मेंटेनन्सचा ट्रेड आहे. खासगी क्लास घेणार असाल, तर फी विचारण्याआधी प्रयोगशाळेत जा. स्प्लायसिंग मशीन विद्यार्थ्याच्या हातात देतात की काचेच्या कपाटात ठेवतात? काचेच्या तुकड्यांची वेगळी डबी आहे, की फायबर, वडापावचे कागद आणि चहाचे कप एकाच टोपलीत? तिथे पाच मिनिटं उभं राहिलात की कळेल, जाहिरात वाचायची गरज नाही.

आणि पहिली नोकरी ठेकेदाराकडे असेल, तर पगाराआधी दोन गोष्टी लेखी मागा: उंचीवरच्या कामासाठी सेफ्टी बेल्ट, आणि ईएसआयसी किंवा अपघात विमा. ‘आपल्यात तसलं काही लागत नाही’ असं उत्तर आलं, तर दुसरा ठेकेदार शोधा.