धारूरचा किल्ला आणि माझं चुकलेलं उत्तर

मागच्या दिवाळीत मी केज तालुक्यात मामाच्या गावी गेले होते. तिथून आम्ही सगळी भावंडं धारूरचा किल्ला बघायला गेलो. दरवाजाशी मामाच्या दहा वर्षांच्या मुलाने विचारलं, "ताई, हा कोणी बांधला?" आता ताई म्हणजे इंजिनिअर होणार, त्यातून कॉन्व्हेंटची! मी बेधडक सांगून टाकलं, "शिवाजी महाराजांनी." त्याने ते सुट्टीच्या अभ्यासाच्या वहीत लिहूनही टाकलं.

रात्री आजोबांनी वही पाहिली आणि हसले. "अगं, हा किल्ला महाराजांच्या जन्माआधी साठेक वर्षं बांधलाय."

मला खूप लाज वाटली. लंडनमध्ये जुन्या घरांवर निळ्या गोल पाट्या असतात आणि तिथे कोण राहत होतं ते त्यांवर लिहिलेलं असतं, हे मला शाळेपासून माहीत. आणि आईच्या माहेरापासून तासाभरावरचा किल्ला मात्र माहीत नाही! म्हणून हॉस्टेलला परत आल्यावर लायब्ररीत बसले. जे सापडलं ते इथे देते आहे.

किल्ला कशासाठी बांधला?

१५६५ साली दख्खनच्या सुलतानांनी एकत्र येऊन तालिकोटच्या लढाईत विजयनगरचा पराभव केला. शत्रू संपला आणि मैत्रीही संपली. विजापूरची आदिलशाही आणि अहमदनगरची निजामशाही पुन्हा एकमेकांच्या मुलुखात शिरू लागल्या. विजापूरच्या अली आदिलशहाचा सरदार किश्वरखान लारी निजामशाहीच्या हद्दीत घुसला आणि १५६७ च्या सुमारास त्याने धारूरला हा किल्ला उभा केला. म्हणजे हा राजाने राहण्यासाठी बांधलेला वाडा नव्हे. शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन ठोकलेली ही खुंटी आहे.

शेजारी गप्प बसणार थोडाच? १५६९ मध्ये मुर्तझा निजामशहा स्वतः चालून आला आणि किल्ला घेतला. त्या लढाईत किश्वरखान बाण लागून मेला, असं इतिहासकार फिरिश्ता सांगतो. पुढे किल्ल्याचं नाव फतेहाबाद झालं. फतेह म्हणजे विजय. १६३१ मध्ये शाहजहानचा सरदार आझमखान याने तो मोगलांसाठी जिंकला. तेव्हा दख्खनमध्ये १६३० ते ३२ चा भयंकर दुष्काळ चालू होता. लढाया होत होत्या आणि माणसं उपाशी मरत होती.

आता थोडं आपल्या विषयातलं

मी सिव्हिलची, त्यामुळे दुसऱ्यांदा गेले तेव्हा वही घेऊनच गेले. साइट सिलेक्शनचा धडा आपण पाठ करतो, पण तो मला खरा कळला धारूरला. बालाघाटच्या डोंगराचं टोक निवडलंय. तीन बाजूंना खोल उतार, म्हणजे तिथे निसर्गानेच काम केलेलं. चौथी बाजू सपाट, शत्रू येणार तो तिथूनच. म्हणून तिथे खंदक खणला आणि मागे भक्कम तट-बुरूज उभे केले. जिथे जमीन कमी पडते तिथेच पैसा आणि मेहनत ओतायची, सगळीकडे सारखी नाही.

खंदकाचा आणखी एक फायदा बघा. दख्खनमध्ये खणलं की काळा बेसॉल्ट निघतो. जो दगड निघेल तो तटाला वापरता येतो. वाहतूक वाचते, आणि तोच खड्डा शत्रूला अडवतो. आपण याला कट अँड फिल म्हणतो.

बुरूज तटाच्या पुढे का आलेले असतात? सरळ तटावरच्या शिपायाला अगदी पायथ्याशी चिकटलेला शत्रू दिसत नाही. पुढे आलेल्या बुरुजावरून तटाच्या बाजूने मारा करता येतो. आणि गोल बुरुजाला कोपरा नसतो, म्हणून तोफगोळ्याने कोपरा ढासळण्याची भीती कमी.

दगड सांधायला चुना. घाणीत मळलेला चुना सिमेंटसारखा पटकन घट्ट होत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो हळूहळू पुन्हा चुनखडीच होतो. म्हणूनच जुन्या तटाच्या फटीत वरून सिमेंट थापणं बरं नाही. सिमेंट ओल अडवतं, पाणी आत साठतं आणि मागचा दगड सुटतो.

मग पाटी कसली हवी?

आपल्याकडे अनेक जुन्या वास्तूंवर एकच फलक असतो : स्मारकाची नासधूस केल्यास अमुक शिक्षा. शिक्षा कळते, पण वास्तू कळत नाही. आणि जे कळलेलं नाही ते माणूस सांभाळणार तरी कशाला? माझ्या भावाला दरवाजाशीच चार ओळी वाचायला मिळाल्या असत्या, तर माझी थाप तिथेच पकडली गेली असती. म्हणून मी एक मजकूर तयार केला आहे :

"हा किल्ला १५६७ च्या सुमारास आदिलशाही सरदार किश्वरखान लारी याने निजामशाहीशी चाललेल्या युद्धात बांधला. १५६९ मध्ये निजामशाहीने आणि १६३१ मध्ये मोगलांनी तो जिंकला. तीन बाजूंना दरी आणि चौथ्या बाजूला खंदक, हे त्याचं बळ. हे दगड ज्यांनी घडवले त्या पाथरवटांची नावं आज माहीत नाहीत."

शेवटचं वाक्य आजोबांनी घालायला लावलं. ते म्हणाले, "किल्ला घेणाऱ्यांची नावं राहतात. बांधणाऱ्यांचीही आठवण राहू दे."

किल्ला राज्य संरक्षित स्मारक आहे, त्यामुळे आपण उठून पाटी ठोकू शकत नाही, ठोकूही नये. रीतसर अर्ज करावा लागेल. आपल्या डिपार्टमेंटने तो करावा असं मला वाटतं. सह्या मी गोळा करते. तुम्हीही आपापल्या गावच्या गढीवर, वेशीवर, बारवेवर चार ओळी लिहून आणा, पण खात्री करून.

भावाला मी फोनवर सगळं सांगितलं. त्याने वहीतलं उत्तर खोडलं आणि खाली लिहिलं : "किश्वरखान. ताई चुकली होती."