सत्याच्या वाटेवर सोडून देण्याचे धैर्य

सत्याचा शोध म्हणजे काही नवे मिळविणे, अशी आपली समजूत असते. परंतु या वाटेवर मिळविण्याआधी सोडावे लागते, आणि तेच अधिक कठीण असते. हजरत सलमान फारसी (रजि.) यांचे जीवन याचा उत्तम दाखला आहे.

इराणातील इस्फहानजवळच्या जय्य या गावचे ते रहिवासी. वडील गावचे प्रमुख होते. पवित्र अग्नी विझू न देण्याचे काम सलमान यांच्याकडे होते. एके दिवशी वाटेत चर्चमधील प्रार्थना ऐकून त्यांचे मन तिकडे ओढले गेले. वडिलांनी पायांत बेड्या घातल्या. त्या काढून ते शाम देशी निघून गेले.

तेथे ज्या धर्मगुरूची त्यांनी सेवा केली, तो लोकांना दानाचा उपदेश करी आणि आलेले दान स्वतःसाठी साठवी. त्याच्या मृत्यूनंतर सलमान यांनी सोन्याचांदीने भरलेले सात रांजण लोकांना दाखविले.

येथे क्षणभर थांबून विचार करा. एखादा म्हणाला असता, धर्मच खोटा. दुसरा म्हणाला असता, गुरूंचे दोष पाहू नयेत. सलमान यांनी दोन्ही टाळले. त्यांनी ढोंग सोडले, शोध सोडला नाही. त्याच जागी आलेल्या सदाचारी गुरूवर त्यांनी मनापासून प्रेम केले. पुढे मोसुल, नसीबीन, अम्मूरिया असा प्रवास झाला. अखेरच्या गुरूने येणाऱ्या प्रेषितांच्या खुणा सांगितल्या: ते सदका खाणार नाहीत, भेट स्वीकारतील, आणि त्यांच्या खांद्यांमध्ये प्रेषित्वाची मोहर असेल. वाटेत सोबत्यांनी दगा देऊन त्यांना गुलाम म्हणून विकले, आणि गुलामीतच ते मदीनेला पोहोचले.

प्रेषित मुहम्मद (स.) तेथे आले, तेव्हाही त्यांनी केवळ ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवला नाही. एकदा सदका म्हणून, एकदा भेट म्हणून अन्न नेले. मग मोहर पाहिली. तिन्ही खुणा पटल्यावरच त्यांनी रडत ईमान स्वीकारले.

आता आपल्या घरांकडे पाहू. मूल दीर्घकाळ आजारी असते, मुलीचे लग्न जमत नसते. कोणी एखाद्या बाबाचे नाव सुचवतो. तो ‘करणी’ झाल्याचे सांगतो, जवळच्याच नातलगाकडे बोट दाखवतो आणि पैसे घेतो. आजार तसाच राहतो, नाते मात्र तुटते. वास्तविक, परोक्षाचे ज्ञान अल्लाहखेरीज कोणालाही नाही, हे सूरह अन्-नम्लमध्ये स्पष्ट केले आहे. ‘हे वाडवडिलांपासून चालत आले आहे’ या सबबीचे उत्तर सूरह अल्-बकराच्या १७०व्या आयतीत आहे: वाडवडिलांनाच उमज नसेल, तर काय?

म्हणून तीन गोष्टी ध्यानात ठेवा. दावा करणाऱ्याकडे कुरआन व सुन्नतचा पुरावा मागा. एकाने फसविले म्हणून दीनवर रुसू नका. आणि घरातील वडीलधारे अशा समजुतींत अडकले असतील, तर त्यांचा उपहास करू नका. आई-वडिलांनी शिर्कचा आग्रह धरला तरी तो मानू नये, पण त्यांच्याशी भलेपणानेच वागावे, अशी शिकवण सूरह लुकमानमध्ये आहे. आजाऱ्याला वैद्यकीय उपचार द्या आणि दुआ थेट अल्लाहकडे मागा.

आज रात्री स्वतःला एकच प्रश्न विचारा: खोटे आहे हे कळूनही केवळ भीतीपोटी मी काय धरून ठेवले आहे? अल्लाह आपणा सर्वांना ते सोडण्याचे बळ देवो. आमीन.