गाडीचा ऑईल फिल्टर : बसविणे, उघडणे आणि तपासणे

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा संपादक मंडळाचा निरोप आला. आम्ही कला शाखेचे पदवीधर आणि पेशाने बँकेतील कारकून, तेव्हा एखादा वैचारिक लेख येईल असे मंडळाला वाटले असल्यास नवल नाही. परंतु गेल्या दोन-तीन वर्षांत आम्ही ज्या विषयाचा मन लावून अभ्यास केला, तो विषय म्हणजे मुठीत मावेल एवढे कागदाचे एक नळकांडे. आपल्या वसाहतीतील कितीतरी मुले वाशी, तुर्भे, कोपरखैरणे, कळंबोली या भागांत भाड्याच्या गाड्या चालवितात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हा पाठ लिहीत आहोत. जाणकार मेस्त्रींनी आमच्या भाषेतील उणीव पोटात घालावी.

या अभ्यासाला कारण घडले ते असे. आमच्या भाच्याने कर्ज काढून २०१७ सालची डिझेल डिझायर जुन्या बाजारात घेतली. कर्जाला जामीन म्हणून आमची सही. ऑईल बदलण्याची वेळ आली तेव्हा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा खर्च वाचावा म्हणून त्याने रस्त्याकडेच्या एका गॅरेजमध्ये काम करून घेतले. पुढील आठवडाभर इमारतीच्या आवारात गाडीखाली चार-दोन काळे थेंब दिसत. ते शेजारच्या गाडीचे असतील असे त्याने धरले. मग एके दिवशी पुण्याचे भाडे घेऊन द्रुतगती मार्गाने जाताना खंडाळ्याच्या चढावर ऑईलचा लाल दिवा लागला. "मामा, टोलनाका समोरच होता हो, तिथवर पोहोचू असं वाटलं," हे त्याचे त्या रात्रीचे शब्द. टोलनाका आलाच नाही. इंजिन जाम झाले. प्रवासी दुसऱ्या गाडीने गेले आणि भाचा टोचन लावून परत आला.

इंजिन खोलले तेव्हा क्रँक आणि बेअरिंग दोन्ही गेलेले. खर्चाचा आकडा येथे देत नाही, बहिणीला अजूनही तो ऐकवत नाही. हप्ता नव्वद दिवस थकला की खाते अनुत्पादक ठरते, हा नियम आम्ही रोज खिडकीच्या आतल्या बाजूने पाहत आलो होतो. त्या वेळी बाहेरच्या बाजूने पाहिला. गाडीचा कप्पा आवरताना भाच्याला नव्या फिल्टरचे रिकामे खोके सापडले. ते रिकामे नव्हते. आत काळ्या रबराची नवी कोरी ओ-रिंग होती. म्हणजे कागद नवा घातला आणि रिंग मात्र जुनीच ठेवली. चार-पाच रुपयांची वस्तू खोक्यात राहिली.

आता मूळ विषयाकडे वळू.

इंजिनाच्या तळाशी जो पत्र्याचा डबा असतो त्याला आपले मेस्त्री चेंबर म्हणतात. त्यातील ऑईल पंप वर ओढतो आणि दाबाने फिल्टरमधून ढकलतो. तेथून ते क्रँकच्या बेअरिंगकडे, कॅमकडे आणि डिझेल गाडीत टर्बोच्या दांड्याकडे जाते. बेअरिंग आणि दांडा यांच्यामध्ये ऑईलचा अत्यंत पातळ थर असतो. दांडा खरे पाहता धातूवर फिरतच नाही, त्या थरावर तरंगत फिरतो. थर तुटला की धातू धातूला घासतो आणि काही क्षणांत सारे संपते. म्हणून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लाल दिवा हा ऑईल किती उरले ते सांगत नाही, दाब गेला हे सांगतो. तो चालत्या गाडीत लागला तर गाडी सावकाश कडेला घेऊन इंजिन तत्काळ बंद करावे. टोलनाका कितीही जवळ असो.

ऑईलमध्ये धातूचा कीस, काजळी, धूळ असे काही ना काही मिसळत राहते. माणसाच्या केसाची जाडी साधारण सत्तर मायक्रॉन धरली तर तिच्या निम्म्याहूनही बारीक कण बेअरिंग खरवडू शकतात. ते अडविण्यासाठी फिल्टर. अमेरिकेत १९२३ साली अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्ग यांनी मोटारीसाठी ऑईल फिल्टर काढला. त्यापूर्वीच्या गाड्यांत फार तर एक जाळी असे. पुढे दोन पद्धती रूढ झाल्या. एकीत पत्र्याचा बंद डबाच आट्यावर फिरवून बसवितात आणि डब्यासकट फेकून देतात. दुसरीत घर इंजिनालाच कायमचे जोडलेले असते, त्यावर टोपण असते आणि आतील कागदी गाभा तेवढा बदलतात. आमचा विषय ही दुसरी पद्धत.

ही पद्धत नवी आहे असे तरुण मंडळींना वाटते. वस्तुतः ती जुनीच. आपल्या ॲम्बॅसडरचे १४८९ सी.सी.चे इंजिन ज्या इंग्रजी घराण्यातले, त्यात इंजिनाच्या कुशीला एक वाटी लांब बोल्टने आवळलेली असे आणि वाटीच्या आत गाभा असे. वाटीच्या काठाची रबरी रिंग वर खाचेत बसे. जुनी रिंग टाचणीने उकरून काढावी लागे. ती काढायची विसरून त्यावरच दुसरी बसविली की वाटी गळायला लागे. मध्यंतरी पत्र्याच्या डब्याचा जमाना आला. नंतर कचरा कमी व्हावा, लोखंड वाया जाऊ नये या विचाराने गाभा पुन्हा आला. फियाटने घडविलेले १२४८ सी.सी.चे मल्टिजेट डिझेल इंजिन आपल्याकडे स्विफ्ट, डिझायर, टाटा व्हिस्टा अशा अनेक गाड्यांत बसले. त्यात असाच कागदी गाभा आणि प्लास्टिकचे टोपण आहे. मारुतीने २०२० च्या एप्रिलपासून डिझेल गाड्या बंद केल्या, तरी जुन्या गाड्या रस्त्यावर आहेतच आणि आपल्या मुलांच्या हाती बहुधा जुन्याच येतात.

बसविण्याची कृती सांगतो. स्वतः करा असा आग्रह नाही. पण मेस्त्री करीत असताना शेजारी उभे राहून काय पाहावे हे तरी कळले पाहिजे.

गाडी सपाट जागी घ्यावी, हँडब्रेक ओढावा. इंजिन चार-पाच मिनिटे चालवून कोमट करावे. उकळते ऑईल हात भाजते आणि थंडगार ऑईल नीट उतरत नाही. गाडी उचलायची असल्यास खाली स्टँड लावल्याशिवाय कोणीही आत जाऊ नये. नुसत्या जॅकवरील गाडीखाली शिरणे हे धाडस नव्हे. टोपण वरच्या बाजूस असेल तर तेच आधी सैल करावे म्हणजे घरातील ऑईल खाली चेंबरमध्ये उतरते. मग चेंबरचा नट काढून ऑईल परातीत घ्यावे. टोपणाच्या डोक्यावरील षटकोनाला बसेल असाच गोटी पाना वापरावा. पाईप पाना लावला की प्लास्टिकला बारीक तडा जातो आणि तो तडा डोळ्यांना दिसत नाही.

जुना गाभा निघाला की तो आणि नवा शेजारी शेजारी उभे करावेत. उंची, मधल्या भोकाचा व्यास, वरची-खालची टोके जुळली पाहिजेत. उंची थोडी कमी असली तरी गाभा घरात सैल राहतो आणि ऑईल कागदातून न जाता बाजूने निसटते. वरून काहीच कळत नाही. जुन्या गाभ्याचा एखादा तुकडा घरात राहिला आहे का, हेही बॅटरी मारून पाहावे. घर पुसायला सूत न सुटणारी चिंधी घ्यावी.

आता रिंग. जुनी रिंग उष्णतेने कडक होते आणि दाबून चपटी झालेली असते. बोटाने दाबून पाहा, नवी गोल आणि लुसलुशीत लागते. जुनी काढताना लोखंडी पेचकस वापरू नये, खाचेला ओरखडा आला की तेथूनच गळती सुरू होते. बांबूची काडी उत्तम. नवी रिंग टोपणावरील नेमक्या खाचेत बसवावी. आट्यांच्या वर राहिली तर आवळताना चिरते. काही गाड्यांत मधल्या दांड्यावर दुसरी छोटी रिंग असते, ती खोक्यात असेल तर तिचीही जागा शोधावी. नव्या ऑईलचे बोट रिंगवरून फिरवावे. पेस्ट, शेलॅक, सिलिकॉन काहीही लावू नये. नियम असा, की काम संपल्यावर खोके रिकामे असले पाहिजे आणि जुनी रिंग हातात असली पाहिजे. बँकेत दिवसअखेरीस रोकड जुळल्याशिवाय कोणी घरी जात नाही, तसेच हे.

टोपण आधी हातानेच फिरवावे. आटे सहज घेतले पाहिजेत. मग पाना. किती घट्ट, हे अनेक टोपणांवर कोरलेलेच असते, पुष्कळ गाड्यांत २५ न्यूटन-मीटर. आम्ही कला शाखेचे, आम्हाला हा आकडा समजेना. तेव्हा हिशेब केला : २५ सेंटिमीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला सुमारे १० किलो वजन टांगल्यावर जेवढा जोर येईल तेवढा. म्हणजे फारसा नाहीच. अंगातील सारी ताकद लावणारा मेस्त्री चांगला, हा आपल्याकडील गैरसमज आहे. चेंबरच्या नटाला नवे वायसर घालावे.

ऑईल पुस्तकात दिलेल्या ग्रेडचे आणि मापाचे. मापापेक्षा थोडे कमी भरून पट्टी पाहत पूर्ण करावे. इंजिन चालू केल्यावर ॲक्सिलरेटर दाबू नये. घर रिकामे असते, ते भरून दाब यायला काही सेकंद लागतात. दिवा विझला पाहिजे. न विझल्यास लगेच बंद. विझला तर दोन-तीन मिनिटे चालू ठेवून टोपणाच्या कडेने कोरडे बोट फिरवावे. मग बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा पट्टी. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली एक कोरा पुठ्ठा टाकून बघावा. भाच्याच्या आवारातील ते चार-दोन थेंब हेच सांगत होते.

जुना गाभा फेकण्यापूर्वी उघडून पाहण्याची सवय आम्हाला आमच्या ओळखीच्या एका वृद्ध मेस्त्रींनी लावली. ते म्हणत, डॉक्टर लघवी तपासतो तसा हा कागद तपासायचा. धारदार चाकूने दोन्ही टोकांजवळ कागद कापावा, घड्यांची लांब पट्टी मोकळी करावी, दोन फडक्यांत दाबून ऑईल काढावे आणि उन्हात पसरावी. घड्या सर्वत्र सारख्या आहेत का हे आधी पाहावे. कोलमडलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या असतील तर गाभा फार काळ वापरला गेला. अशा वेळी बायपास झडप उघडते आणि गाळलेले नव्हे, तर मळके ऑईल इंजिनात जाते. इंजिन कोरडे पडण्यापेक्षा ते बरे म्हणून ती झडप दिलेली असते, पण तो रोजचा मार्ग नव्हे.

मग लोहचुंबक फिरवावे. चिकटले ते लोखंड : पिस्टनची रिंग, सिलिंडर, कॅम. चकाकते पण चिकटत नाही ते ॲल्युमिनियम, म्हणजे पिस्टन असू शकतो, किंवा बेअरिंगचा वरचा मऊ थर. तांबूस-सोनेरी कण दिसले तर बेअरिंगचा खालचा थर किंवा बुश झिजते आहे, तेव्हा गाडी पुढच्या भाड्यावर न नेता चांगल्या मेस्त्रीकडे न्यावी. चिमूटभर बारीक चकाकीने घाबरू नये, इंजिन नुकतेच बांधले असेल तर ती असतेच. नखाने उचलता येतील अशा कपच्या मात्र वाईट. दुधाळ कॉफीसारखा चिखल दिसला तर पाणी मिसळले, बहुधा हेड गॅस्केट. रबरासारखे तुकडे दिसले तर कोणीतरी कोठेतरी पेस्ट भरमसाट लावली आहे. तेच तुकडे पंपाच्या जाळीत अडकतात. आणि डिझेल गाडीचे ऑईल काही दिवसांत काळे होते ती काजळी असते, त्यावरून मेस्त्रीवर संशय घेऊ नये.

भाच्याच्या गाडीचा तो गाभा आम्ही नंतर उघडला. घड्या तांबूस कणांनी भरलेल्या होत्या. कागदाने आपले काम चोख केले होते.

खरेदीविषयी थोडे. नकली माल खोक्यावरून ओळखणे कठीण झाले आहे. घड्यांमधील अंतर सारखे आहे का, कागदाचा सांधा आणि टोकांचा गोंद सलग आहे का, मधली नळी बोटाने दाबल्यावर दबते का, हे पाहावे आणि बिल घ्यावे. बिल मागितल्यावर भाव बदलतो त्या दुकानातून निघावे. बदलण्याचे अंतर गाडीच्या पुस्तकात असते. मात्र धूळ, गर्दीतले रखडणे, दिवसभर भाडी या वापराला तेच पुस्तक कठीण वापर म्हणते आणि अंतर कमी करायला सांगते. ते पान सहसा कोणी उलटत नाही.

उतरलेले ऑईल गटारात ओतू नये. आपल्या वसाहतीचे नाले शेवटी खाडीलाच मिळतात. वापरलेले ऑईल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते डब्यात भरून, रीतसर नोंदणी असलेल्या गोळा करणाऱ्याकडे पाठविणाऱ्या गॅरेजलाच द्यावे. निथळलेला गाभा वेगळ्या पिशवीत.

भाच्याचे इंजिन दुसऱ्यांदा बांधून झाले, कर्जाचे हप्ते पुन्हा ठरवून घेतले, अजून अकरा बाकी आहेत. तो आता ऑईल आमच्या समोर, इमारतीच्या आवारात बदलतो. काढलेली जुनी रिंग दरवाजामागच्या खिळ्याला अडकवितो आणि तारीख व किलोमीटर टोपणाजवळ चिकटपट्टीवर लिहितो. खिळ्याला आज पाच रिंगा आहेत.